कळंबा रोडचं पाटी नसलेलं मॉसचं दुकान

कळंबा रोडला एक ताई घराच्या गच्चीवर मॉस वाढवून विकतात, म्हणजे फिशटँकमध्ये लावायची बारीक, मखमली हिरवी वनस्पती. पहिल्या खेपेला त्यांनी मला ते दिलंच नाही.

शिरोलीला फौंड्रीत पहिली पाळी संपवली आणि बावड्यात घरी न उतरता तसाच कळंबा रोडला गेलो, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. गच्चीवर काळ्या टबांत पाण्याखाली मॉस बसवलेल्या हिरव्यागार जाळ्या ओळीनं मांडलेल्या. मी दोन उचलायच्या तयारीत होतो. ताईंनी विचारलं, "टँक कधी भरलाय?" म्हटलं, परवा. "मग आत्ता नको, दादा. तीन-चार आठवडे पाणी नुसतं फिरू दे. नव्या टँकमध्ये आधी तपकिरी थर धरतो. तो मॉसवर बसला की झटकून निघत नाही. मग तुम्हालाही वाईट वाटणार आणि मलाही." पाचशेची नोट तशीच खिशात घेऊन परत आलो. त्या दिवशी राग आला होता. महिन्यानं पुन्हा गेलो, तेव्हापासून आज दोन वर्षं दुसरीकडून मॉस घेतलेलं नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण नावच नाही. दारावर पाटी नाही, बिलाचं पुस्तक नाही. खाली व्हरांड्यात ताईंचे सासरे बसलेले असतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. ते गाडी कुठं लावायची ते सांगतात आणि "चपला हितंच काढा, वर पाणी असतंय" म्हणून जिना दाखवतात. पत्ता कुठं लिहू नका असं ताईंनी सांगितलंय, घर आहे म्हणून. शहरातल्या फिशटँकच्या दुकानांत "गच्चीवर मॉस करणाऱ्या ताई" असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील. संध्याकाळी सहा ते साडेआठ आणि रविवारी सकाळी नऊ ते एक. बुधवारी बंद, त्या दिवशी सगळ्या टबांचं पाणी बदलतात.

मासे इथं मिळत नाहीत. मॉस, मॉस बांधलेलं लाकूड, दगड, नारळाच्या करवंट्या आणि थोडे श्रिंप (टँकमधली बारकी कोळंबी), एवढंच. जावा मॉसचा लिंबाएवढा गोळा ८० रुपये. तेच दोन इंची चौकोनी जाळीवर बसवलेलं १३०. ख्रिसमस मॉस जाळीवर १८०, वीपिंग मॉस २००. करवंटीवरचं जावा १५०. फिसिडेन्स (हेही एक मॉसच) असलं तर ३५०, आणि ते बहुतेक वेळा नसतंच. हे दर मी शेवटचं गेलो तेव्हाचे. इतर ठिकाणांपेक्षा वीस-तीस रुपयांनी जास्त आहेत. ते का द्यावेत, हे मला नीट सांगायचंय.

त्याआधी माझा मॉसवर जीव कसा बसला ते सांगतो. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला. मी कंपनीतच अडकलो. बायको पोरीला घेऊन राजारामपुरीत माझ्या बहिणीकडे गेली. घरी दोन फुटी टँक होता, त्यात दोन गोल्डफिश, थोडे गप्पी आणि शेजारच्या पोरानं दिलेला जावा मॉसचा एक झुबका. लाईट गेली, फिल्टर बंद पडला. पाचव्या दिवशी घरी पोचलो तेव्हा पाणी कुबट झालेलं, गोल्डफिश वर तरंगत होते. झुबका मात्र हिरवा होता. हातानं जरा बाजूला केला तर आत गप्पीची तीन पिल्लं हलत होती, सुईच्या टोकाएवढे डोळे असलेली. शहराचे उपसा पंप पाण्याखाली गेलेले, नळाला पाणी नव्हतं. मी तो झुबका आणि ती पिल्लं बादलीत घेतली आणि पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरून त्यात ठेवली. तिन्ही जगली.

पुढं मला कळलं की त्यात चमत्कार काही नव्हता. मॉसला फार उजेड लागत नाही. त्याच्या दाट फांद्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात आणि नवजात पिल्लांना ते खायला पुरतात. शिवाय मोठ्या माशाला आत शिरता येत नाही. ही कारणं आता तोंडपाठ आहेत, पण त्या सकाळी हिरव्या झुबक्यातून निघालेली ती तीन पिल्लं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत.

तो झुबका पुढच्या वर्षी मीच घालवला. काचेवर हिरवा थर आला होता. एका दुकानात "शेवाळ झालंय" म्हणून सांगितलं, त्यांनी शेवाळ मारायची बाटली दिली. आपल्या बोलण्यात काचेवरचा थरही शेवाळ आणि मॉसही शेवाळच. बाटलीला तरी कुठला फरक कळणार? दहा दिवसांत काच स्वच्छ झाली आणि झुबका भुसभुशीत, करडा होऊन हातात आला. ताईंच्या गच्चीवर या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत. काचेवर, पानांवर धरतं ते शैवल, पुस्तकी मराठीत तसंच म्हणतात. आणि मॉस ते मॉस. नव्या गिऱ्हाईकानं "शेवाळ द्या" म्हटलं की ताई हसत नाहीत, एक मिनिट थांबून हा फरक सांगतात. मला हे कुणी २०२२ मध्ये सांगितलं असतं तर तो झुबका आज असता.

मॉसला मूळ नसतं. खालच्या बाजूला केसासारखे धागे असतात, ते फक्त धरून राहायला. पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यामुळे पाण्यातलं खत, वायू, सगळं ते पानातूनच आत घेतं. म्हणून जे औषध पाण्यात टाकाल ते थेट पानात जातं. बाजारात टँकमधल्या झाडांसाठी लिक्विड कार्बन नावानं जे मिळतं, त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं. बाकीच्या बऱ्याच झाडांना चालतं, मॉसला ते जड जातं. ताईंकडे ही बाटली विकायला नाही आणि वापरायलाही नाही.

आता दराचं. सगळीकडे मिळणारं बरंचसं मॉस पाण्याबाहेर, ओल्या चटईवर वाढवलेलं असतं. तसं ते झपाट्यानं वाढतं आणि पाकिटात छान टिकतं. पण पाण्यात सोडलं की हवेत वाढलेली ती पानं हळूहळू तपकिरी पडतात आणि पाण्यातली नवी पानं फुटायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्यात माणूस धीर सोडतो आणि उपटून टाकतो. ताईंकडे यायच्या आधी मी कुरिअरनं एक पाकीट मागवलं होतं. चार दिवस उन्हाळ्यात फिरून आलं. अर्धं पिवळं, अर्ध्यात हिरव्या केसांसारखं शैवल गुंतलेलं, आणि पुढच्या महिन्यात काचेवर दोनशेच्या वर बारक्या गोगलगायी. पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही.

ताईंचा माल पाण्याखालीच वाढलेला असतो आणि तोही कोल्हापूरच्याच पाण्यात. त्यांच्या घरी नळाचं पाणी येतं आणि बोअरही आहे. दोन्हींत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) त्यांनी मला समोर लावून दाखवलं होतं. नळाचं १२० च्या आसपास, बोअरचं ६०० च्या पुढं. टब सगळे नळाच्या पाण्यावर चालतात. माझ्याकडे बावड्यात नळाचं जवळपास तेवढंच येतं, त्यामुळे आणलेली जाळी टँकमध्ये ठेवल्याच्या दहाव्या दिवशी टोकांना पोपटी फुटवा दिसतो. बोअर वापरणाऱ्यांना ताई अर्धं-अर्धं मिसळायला सांगतात आणि दर आठवड्याला चौथा हिस्साच बदलायला लावतात. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाईच असेल तर हायपोचे (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे) थेंब.

बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट त्या वेगळ्या टबात दोन आठवडे ठेवतात, आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून. यावरून मी एकदा कुरकुर केली होती, कारण वीपिंग मॉस आलेलं डोळ्यांना दिसत होतं आणि त्या देत नव्हत्या. तेव्हा त्यांनी मरिमोची, म्हणजे मॉस बॉल म्हणून विकतात त्या हिरव्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या मरिमोच्या गोळ्यांत झेब्रा मसल नावाचे बारके शिंपले सापडले होते. नदी-तलावात गेले तर पाइपलाइन बुजवून टाकतात इतके वाढतात. देशभर गोळे दुकानांतून काढून घ्यावे लागले. "हितं रंकाळा तलाव आहे, कळंबा तलाव आहे. आपल्या टँकचं पाणी शेवटी कुठं जातंय?" असं त्या म्हणाल्या. मी गप्प बसलो आणि दोन आठवड्यांनी परत गेलो.

मरिमोवरूनच आणखी एक. मॉस बॉल म्हणून जे विकतात ते मॉस नव्हेच. ते गोल वाढणारं शैवल आहे आणि जपानात आकान सरोवरातल्या मरिमोला १९५२ पासून विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. ताईंकडे दोन गोळे आहेत, पण त्या टबावर चिकटपट्टीवर "मरिमो, मॉस नाही" असं पेननं लिहिलेलं आहे. विकताना एवढं खरं लिहिणारं माणूस मी कमी बघितलंय. जावा मॉसच्या टबावरही "टॅक्सिफायलम बार्बिएरी" असं देवनागरीत आहे. जुन्या पुस्तकांत त्याला व्हेसिक्युलॅरिया ड्युबियाना म्हणायचे, ते आता सिंगापूर मॉसचं नाव आहे. म्हणून एकच नाव सांगून दोन दुकानांत दोन वेगळी मॉस मिळतात. ख्रिसमस मॉस ओळखायचं ते फांदीवरून. ती खाली रुंद आणि टोकाला निमुळती, नाताळच्या झाडासारखी त्रिकोणी दिसते, आणि एकावर एक थर पडत जातात. जावाच्या फांद्या कुठंही, कशाही जातात. मला जावाचं ते मोकाट वाढणं आवडतं, बायकोला ख्रिसमसचं नीटनेटकं. टँकच्या डाव्या बाजूला माझं, उजव्या बाजूला तिचं.

बांधायची रीत मी इथं शिकलो, आणि ही मला फौंड्रीमुळे लवकर कळली. साच्याची वाळू प्रमाणाबाहेर ठासली की वायूला वाट मिळत नाही आणि कास्टिंगला ब्लो होल (वायूची भोकं) येतात. मॉसचंही तसंच आहे. जाड थर दाबून बांधला की खालच्या थरात पाणी फिरत नाही, उजेड पोचत नाही. तो कुजतो आणि कुजला की वरचा सगळा गालिचा एका दिवशी सुटून तरंगतो. माझा एकदा तसा सुटला होता. ताई कात्रीनं मॉसचे सेंटिमीटरभराचे तुकडे करतात, जाळीवर इतके विरळ पसरतात की जाळीचे चौकोन दिसत राहावेत. वर दुसरी जाळी ठेवतात, कडा शिवतात. बघून वाटतं, एवढ्याशा मॉसचे १३० रुपये? पण प्रत्येक कापलेल्या तुकड्याला नवे फुटवे येतात. सहा आठवड्यांत जाळी दिसेनाशी होते. त्या विकतात ती जाळी या सहा आठवड्यांनंतरची.

जाळी स्टेनलेस स्टीलचीच पाहिजे. मी एकदा घरातली खिडकीची उरलेली जाळी वापरू का म्हणून विचारलं, तर त्यांनी ती हातात घेऊन परत दिली. जस्ताचा मुलामा असलेली जाळी नको, पितळेची तार तर अजिबात नको, पितळेत तांबं असतं. श्रिंपना तांबं थोडंसुद्धा सोसत नाही. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, तेही श्रिंपच्या टँकमध्ये जाता कामा नये. मग मी एमआयडीसीतून ३०४ ग्रेडची जाळी मीटरवर आणली, कापून कडा घासून घेतल्या आणि निम्मी ताईंना दिली. त्यांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत. पुढच्या वेळी करवंटीवरचं मॉस फुकट मिळालं.

लाकडावर बांधायला साधा काळा सुती दोरा. महिना-दीड महिन्यात तो पाण्यात झिजून तुटतो, तोवर ख्रिसमस मॉसनं लाकूड धरलेलं असतं. जावा मॉस तितकं घट्ट धरत नाही, त्याला मासे धरायची नायलॉनची बारीक दोरी बरी. दगडाला फेविक्विकच्या जातीचा, पण जेलसारखा घट्ट गोंद. थेंब लावायचा, मॉस दाबायचं, वीसपर्यंत आकडे मोजायचे. पाण्यात तो गोंद पांढरा दिसतो आणि महिन्याभरात मॉसखाली झाकून जातो. माझी पोरगी आठ वर्षांची आहे. गोंदाचं काम मी तिला देत नाही, पण दोरा गुंडाळायचं काम तीच करते आणि माझ्यापेक्षा चांगलं करते.

तिनंच एकदा विचारलं होतं, "पप्पा, कंपाउंडच्या भिंतीवर एवढं मॉस आलंय, ते लावूया की." पावसाळ्यात कोल्हापुरात कुठलीही जुनी भिंत बघा, मखमल अंथरल्यासारखी असते. आम्ही बरणीत लावून बघितलं. दोन आठवड्यांत काळं पडून वास यायला लागला. ताईंनी सांगितलं, जमिनीवरची बहुतेक मॉस कायम पाण्याखाली राहू शकत नाहीत, त्यांना हवा आणि मधूनमधून सुकणं लागतं. जावा मॉस दोन्हीकडे जगतं म्हणून ते टँकमध्ये आलं. मग पोरीनं पुढचा प्रश्न केला, दाजीपूरच्या ओढ्यात दगडावर होतं ते? तेव्हा ताई जरा गंभीर झाल्या. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी १९५८ पासून अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून पानसुद्धा आणायचं नाही, आणि कुणी आणून विकायला दिलं तर त्या घेत नाहीत. एकजण घाटातून पिशवी भरून घेऊन आला होता, त्याला मामांनी व्हरांड्यातूनच परत पाठवला. मला या दुकानाबद्दल आदर वाटतो तो अशा गोष्टींमुळे.

देखभालीचं त्यांचं सांगणं थोडक्यात असं की उजेड कमी, पाणी हलतं, आणि कात्री वेळेवर. उजेड सहा तास, टायमर लावून. हे मी गौरी-गणपतीत मोडलं. पाहुण्यांना दाखवायला टँकची लाईट सकाळपासून रात्री अकरापर्यंत, आठ दिवस. पंधरवड्यात ख्रिसमस मॉसवर हिरव्या केसांचं जाळं. फोटो घेऊन पळत गेलो. ताईंनी जुना टूथब्रश आणायला सांगितला. ब्रश मॉसवर हलकेच टेकवून एकाच दिशेला फिरवायचा, केस सूत गुंडाळल्यासारखे ब्रशवर येतात. जिथं फार गुंतलंय तेवढा भाग कापून टाकायचा, जीव अडकवायचा नाही. लाईट पाच तासांवर आणायची, माशांचं खाणं निम्मं करायचं. आणि चार अमानो श्रिंप सोडायचे. या श्रिंपना ज्यांचं नाव मिळालं ते ताकाशी अमानो जपानचे. त्यांनी १९८२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि टँकमध्ये डोंगर-माळरान उभं करायची धाटणी त्यांनी जगभर लोकप्रिय केली. २०१५ मध्ये ते गेले. शैवल खायला हे श्रिंप वापरायची युक्तीही त्यांनीच रूढ केली. ताईंकडे कायम नसतात, मागवून देतात. मला आठ दिवस थांबावं लागलं. पाच आठवड्यांत मॉस मोकळं झालं.

मॉसवर बसणारा गाळ हा दुसरा त्रास. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सगळं त्या फांद्यांत अडकतं आणि शैवलाला तेच आवडतं. मी औषधाच्या दुकानातून मोठी, बिनसुईची सिरिंज आणली आहे. आठवड्यातून एकदा पाणी बदलताना मॉसवर फवारा मारायचा, गाळ उडतो, पाइपनं ओढून घ्यायचा. जाळी सुटी असेल तर टँकच्याच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यायची. नळाखाली धरायची नाही.

उन्हाळा मात्र कठीण. मॉसला वीस ते पंचवीस अंश बरे. क्वालिटीत काम करत असल्यानं आकडे लिहायची सवय आहे, टँकजवळ वही ठेवली आहे. गेल्या एप्रिलमध्ये दुपारी तीनला ३१ अंश. जावा तग धरून होतं, पण वाढ थांबली. ख्रिसमस मॉसची टोकं पिवळट झाली. ताईंनी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावायला सांगितला. वाफ होऊन पाणी थंड होतं, आपल्या माठासारखं. वहीत दुसऱ्या दिवशी २८.५. रोज दोन-तीन लिटर पाणी कमी होतं, ते भरावं लागतं. बर्फाच्या बाटल्या त्यांनी नको म्हटलं, तापमान एकदम खाली-वर होतं आणि श्रिंप त्यानं मरतात.

आता न पटलेल्या गोष्टी. खताबद्दल माझं आणि ताईंचं जमत नाही. त्या म्हणतात, माशांच्या घाणीवर मॉसला पुरतं, बाहेरचं काही नको. त्यांच्या टबांत ते खरं असेल. माझ्या टँकमध्ये मासे कमी आहेत, सहा टेट्रा आणि श्रिंप. तिथं मॉस फिकट पडायला लागलं होतं. मी आठवड्याला बाटलीवरच्या प्रमाणाच्या पाव हिस्सा द्रवखत घालायला लागलो, तांबं किती ते लेबलवर वाचून, आणि महिन्यात रंग गडद झाला. त्यांना दाखवलं. त्यांनी बघून "बरं झालंय" म्हटलं, पण मत बदललं नाही.

जिना अरुंद आणि कायम ओला. माझ्या वडिलांना एकदा यायचं होतं, त्यांना मी नेलं नाही. वयस्कर माणसांनी खालीच मामांजवळ बसून मागवून घ्यावं. घरपोच देत नाहीत, कुरिअर तर नाहीच. इचलकरंजीचा माझा मित्र त्यामुळे वैतागतो. फिसिडेन्सचं मी सात महिने विचारतोय. ते फार सावकाश वाढतं, अर्धवट वाढलेलं त्या देत नाहीत, हे मान्य, पण निदान नोंदणीची यादी ठेवावी. सध्या जो त्या दिवशी आला त्याला मिळतं. पाकीट बांधतात ते साध्या प्लॅस्टिक पिशवीत, थोडं पाणी घालून. उन्हातून लांब जायचं असेल तर घरून झाकणाचा डबा न्यावा, मी आता तोच नेतो. आणि रविवारी अकरानंतर गर्दी इतकी असते की ताईंशी बोलायला मिळत नाही. काही विचारायचं असेल तर आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी जा. टँकचा फोटो, किती बाय किती, लाईट किती तास, पाणी कुठलं, एवढं सांगितलं की त्या अर्धा तास देतात आणि बऱ्याचदा तुम्ही मागितलं त्यापेक्षा कमीच विकतात. मला पहिल्या खरेदीत चार जाळ्या हव्या होत्या. दोन दिल्या. "ह्या जगल्या तर उरलेल्या तुमच्या तुम्हीच कराल." केल्या.

कापणीचं सांगायचं राहिलं. मॉस दोन इंचाच्या वर गेलं की खालचा भाग अंधारात जाऊन पिवळा पडतो, म्हणून त्याआधीच कापायचं. माझ्याकडे दर चार-पाच आठवड्यांनी वेळ येते. फिल्टर बंद करायचा, कात्री चालवायची, तरंगणारा प्रत्येक तुकडा बारीक जाळीनं गोळा करायचा. एखादा राहिला तर तो फिल्टरच्या स्पंजमध्ये जाऊन उगवतो. कापलेलं मॉस ताई परत घेतात, वजनावर नाही, डोळ्यांनी बघून, आणि त्याच्या बदल्यात जाळी किंवा श्रिंप देतात. आधी तेही त्या दोन आठवड्यांच्या टबात जातं, ओळखीच्या गिऱ्हाईकाचं म्हणून सूट नाही.

गेल्या महिन्यात मी डबाभर ख्रिसमस मॉस नेऊन दिलं होतं, बायकोच्या बाजूचं. परवा पोरीला घेऊन गेलो तेव्हा ते मोठ्या टबात आलेलं होतं, अकरा जाळ्या. टबाच्या कडेला चिकटपट्टी होती, त्यावर पेननं लिहिलेलं, "ख्रिसमस, बावडा". पोरीनं ते दोनदा वाचलं आणि आईला दाखवायला माझ्या फोनवर फोटो काढला.